भिंतीशीं बोलणें

आमच्या बैठकीच्या खोलींत दूरचित्रवाणीचा नवा संच आला, तेव्हां सर्वांत अधिक आनंद मला झाला, आणि सर्वांत कमी आईला. चित्र मोठें, स्वच्छ. जाडी म्हणाल तर पाटाएवढी. परंतु तिसऱ्याच दिवशीं आई म्हणाली, "हीं माणसें तोंडांत सुपारी धरून बोलतात कीं काय?" मीं आवाज वाढविला. आईला तरीहि शब्द कळेनात. शेजाऱ्यांना मात्र सारें कळूं लागलें!

वय झालें कीं आधीं उंच पट्टीचे बारीक ध्वनि कानांतून निसटतात. आणि 'स', 'श' यांसारखीं व्यंजनें तर त्यांच्यावरच उभीं असतात. आवाज वाढविला कीं गोंगाट वाढतो, अर्थ वाढत नाहीं. त्यांतून या सडपातळ संचाचे स्पीकर त्याच्या पाठीशीं नि पोटाखालीं दडविलेले. म्हणजे तो बोलतो तें आमच्याशीं नव्हे, भिंतीशीं!

माळ्यावर वडिलांचे दोन लांकडी स्पीकर होते. ते गेल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. एका रविवारीं मीं ते उतरविले. अशा स्पीकरांना स्वतःची शक्ति नसते. मध्यें ॲम्प्लिफायर लागतो. वडिलांचा ॲम्प्लिफायर जुना आणि संच नवा; एकाची भाषा दुसऱ्याला येईना. म्हणून संचांतून प्रकाशवाही तारेनें निघणारा ध्वनि जुन्या पद्धतीच्या विद्युत्-लहरींत बदलणारी एक डबी आणली, संचाच्या ध्वनि-योजनेंत 'पीसीएम' हा पर्याय निवडला, सारीं यंत्रें बंद करून तारांचीं टोकें सोललीं, पिळलीं आणि तांबड्या-काळ्या खुंट्यांत बसविलीं.

आवाज आला, पण पोकळ, कोठून येतो तेंच कळूं नये असा. तासभर डोकें खाजविल्यावर चूक सांपडली. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या होत्या. एकाचा पडदा पुढें येई तेव्हां दुसऱ्याचा मागें जाई, आणि दोघे मिळून एकमेकांचा खर्ज गिळून टाकीत. तारा बदलल्या, आणि बातम्या सांगणारी बाई जणूं आमच्या शेजारीं बसून बोलूं लागली.

आईनें सगळ्या बातम्या ऐकल्या. मग हलकेच म्हणाली, "ह्यांचेच ना रे ते?"

"हो. चहा घेतेस ना?" मोबाइलवरची नजर न काढतां मीं विचारलें.

"काय?"

"चहा!" मी ओरडलों.

"ओरडूं नकोस रे," ती शांतपणें म्हणाली. "त्या संचाचा आवाज माझ्याकडे वळवलास ना? तसें आपलें तोंडहि वळव."

मी ओशाळलों. गेलीं कित्येक वर्षें मीहि तिच्याशीं बोलतांना नुसता आवाजच वाढवीत आलों होतों. मोबाइल खालीं ठेवला, तिच्यासमोर बसलों आणि नेहमींच्याच आवाजांत पुन्हां विचारलें.

"घेईन कीं," ती म्हणाली, "पण साखर बेतानें घाल."