एक नाव, दोन रूपं

आमचं गाव खाडीकाठचं. ओटीवर बसलं की भाताची खाचरं दिसायची आणि त्यापलीकडं खाडीचं पाणी. 1970 साली सिडको आली. नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात आमची खाचरंही होती.

बाबा निरक्षर. सातबाऱ्यावर त्यांचं नाव जोडाक्षरानं होतं, मोबदल्याच्या कागदावर तेच अक्षर सुटं पडलं. एवढ्यावरून एका माणसाची दोन माणसं झाली. "सायेब, यो बी मीच नि त्यो बी मीच," असं सांगत बाबांनी एका कचेरीच्या पायऱ्या वर्षभर झिजवल्या. शेवटी प्रतिज्ञापत्र झालं, त्यावरही आंगठाच. घरी येताना मला म्हणाले, "पोरा, तू अक्षर शिक. आंगठ्यावर भागाचा नाय."

मी शिकलो. ग्रंथालयाचा वर्ग केला आणि त्या नव्या शहरातल्याच एका वाचनालयात देवघेवीला लागलो. सरकारी अनुदानावर चालणारं वाचनालय, पगार बेताचा. पण दाखल नोंदवही मला तोंडपाठ होती. सभासद दारात दिसला की त्याच्या आवडीचं पुस्तक माझ्या हातात असायचं.

पन्नाशी जवळ आली तेव्हा टेबलावर संगणक आला आणि त्यात 'कोहा'. पुस्तकांची यादी इंटरनेटवर ठेवायची, म्हणजे सभासदाला घरबसल्या फोनवर दिसते. हे फुकटचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, 2000 सालच्या जानेवारीत तिथं सुरू झालं. कोहा हा माओरी शब्द. पाहुण्यानं यजमानाला द्यायची भेट, म्हणजे आपल्याकडचा आहेरच. शिकवायला आलेल्या मुलीनं हे सांगितलं तेव्हा जरा धीर आला. तरी रात्री झोप लागेना. नोंदवही गेली की आपलं काम काय उरणार?

माऊस धरताना हात घामेजायचा. मुलगी म्हणायची, "काका, दाबा बिनधास्त, काही बिघडत नाही." दोन महिन्यांत मराठी टाइप करायला लागलो. नोंदी मी आणि आमचा नवा लिपिक मिळून चढवत होतो.

एके दिवशी एका आजींनी पुलंचं 'वाऱ्यावरची वरात' मागितलं. लिपिकानं शोधलं. संगणक म्हणाला, नाही. तो आजींना तेच सांगायला निघाला. मी म्हटलं, "थांब, सकाळीच परत आलंय." उठून कपाटातून काढून दिलं. आजी गेल्या, पण माझ्या मनातून ते जाईना. पुस्तक आहे, नोंद आहे, मग यंत्र नाही का म्हणतं?

मुलगी आल्यावर दोघं बसलो. माझ्या नोंदीतलं 'वाऱ्यावरची' आणि लिपिकानं टाइप केलेलं 'वाऱ्यावरची' शेजारी ठेवलं. डोळ्याला दोन्ही सारखीच. मग एकेक अक्षर मागून खोडत आलो. शेवटी एका ठिकाणी 'र'खाली टिंब उरलं, दुसऱ्या ठिकाणी नुसताच 'र'. दोघांच्या कळफलकाची रीत वेगळी, म्हणून एक शब्द आत दोन तऱ्हांनी साठवला गेला होता. माणसाला तो एकच, यंत्राला दोन.

मी पडद्याकडं बघत राहिलो. मला कचेरीच्या पायरीवर बसलेले बाबा दिसले.

मुलीनं नोंदीतली एक जागा दाखवली. तिथं शीर्षकाचं दुसरं रूप लिहिता येतं. त्या दिवसापासून मी एक वही केली. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'किनाऱ्या' असे शब्द आले की दोन्ही रूपं चढवायची. लोक 'शामची आई' असंही शोधतात, म्हणून 'श्यामची आई'च्या नोंदीत तेही घातलं. कोण काय म्हणून मागतं, हे खिडकीवर बसून मलाच ठाऊक होतं. यादी दुरुस्त करायचं काम मग माझ्याकडंच आलं.

बाबा आता नाहीत. असते तर त्यांना पडद्यासमोर बसवलं असतं आणि सांगितलं असतं, "बाबा, दोन्ही नावांचा माणूस एकच, हे हिथं लिवून ठेवलाय. प्रतिज्ञापत्र नाय लागला."