तांब्याचा देश, हिऱ्यांचा देश

किटवे, झांबिया
सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,


निघताना तू म्हणाला होतास, की बारावीच्या मुलांना "निर्यात वाढली की देशाची वाढ होते" हे वाक्य शिकवताना तुझं मन घेत नाही. इथे आल्यापासून तुझं ते बोलणं सारखं आठवतंय.

एन्डोलाहून किटवेला येताना रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसतात ते तांब्याचे ट्रक. तांब्याचे चौकोनी जाड पत्रे पोलादी पट्ट्यांनी बांधून ठेवलेले असतात. त्यांना कॅथोड म्हणतात. पेट्रोल पंपावर एक ट्रक उभा होता, तेव्हा जवळ जाऊन पाहिलं. आपल्या देवघरातल्या ताम्हणाची लकाकी त्यांना नाही. रंग फिकट गुलाबी, कडा खडबडीत, अंगावर बारीक पुटकुळ्या. आणि माल इतका जड, की भरलेला ट्रकसुद्धा रिकामा वाटतो. हे तांबं दारेसलामला नाही तर डर्बनला जातं आणि तिथून बोटीने पुढे. कागदोपत्री मात्र त्यातलं बरंचसं स्वित्झर्लंडला विकलेलं असतं, कारण व्यापारी कंपन्या तिथल्या. तांबं स्वित्झर्लंड बघतही नाही. भाव ठरतो लंडनच्या मेटल एक्स्चेंजमध्ये. खणणाऱ्याच्या हातात फक्त खणणं.

२४ ऑक्टोबर १९६४ला झांबिया स्वतंत्र झाला, तेव्हा आफ्रिकेतल्या बऱ्या स्थितीतल्या देशांत त्याची गणना होती. निर्यातीतला ९० टक्क्यांहून अधिक पैसा तांब्याचा. राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडांनी १९६९मध्ये खाणींत ५१ टक्के सरकारी मालकी जाहीर केली. उत्पादन तेव्हा वर्षाला सात लाख टनांच्या घरात होतं. शाळा, दवाखाने, रस्ते, सगळं तांब्यावर निघालं. मग १९७४-७५मध्ये तांब्याचा भाव वर्षभरात निम्म्याखाली आला, आणि त्याच सुमारास तेल महागलं. भाव पुन्हा चढेल या भरवशावर सरकारने कर्ज काढलं. भाव चढला नाही, कर्ज चढलं. डिसेंबर १९८६मध्ये मक्याच्या पिठावरचं अनुदान काढलं, तेव्हा याच खाणपट्ट्यात दंगली झाल्या, माणसं मेली. २००० साली उत्पादन अडीच लाख टनांवर आलं होतं.

मी ज्यांच्या घरी उतरले आहे ते निवृत्त खाणकामगार आहेत. सरकारी कंपनीच्या काळात घर खाणीचं, इस्पितळ खाणीचं, क्लब खाणीचा. घरातला बल्ब गेला तरी खाणीचा माणूस येऊन बदलून जायचा. ते सांगताना त्यांचा आवाज अभिमानाने भरून येतो. संध्याकाळी त्यांनी मला गावाबाहेरचा 'ब्लॅक माउंटन' दाखवला. भट्टीतून निघालेल्या मळीचा तो काळा डोंगर. वडिलांच्या पिढीने टाकून दिलेल्या त्या मळीत उरलंसुरलं तांबं आहे, आणि तरुण मुलं ते हातोड्याने फोडून काढतात. २०१८मध्ये त्याचा कडा कोसळून दहा जण दगावले. जगातल्या मोठ्या तांबे-निर्यातदार देशात ही मुलं याच कामावर पोट भरतात, हे बघून मला फार वाईट वाटलं.

दादा, व्यापाराला सरसकट दोष देऊ नये असं मला वाटतं, पण करार मात्र तपासायला हवेत. २०००च्या आगेमागे खाणी खासगी कंपन्यांना विकल्या गेल्या, तेव्हा भाव पडलेले आणि देश कर्जात. अनेक करारांत सरकारला मिळायची रॉयल्टी ठरली अवघी ०.६ टक्के. पुढे चीनमधून मागणी आली आणि चार-पाच वर्षांत भाव चौपट झाला. देशाची वाढ आकड्यांत छान दिसली, पण तिजोरीत आलं थोडं. मग सरकारने २०१२ ते २०१५मध्ये तीन अब्ज डॉलरचे परकीय रोखे काढले. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांचं व्याज थकलं. (चिंगोलाची मोठी खाण २००४पासून, मधली काही वर्षं सोडता, मूळच्या भारतीय वेदांत कंपनीच्या मालकीची आहे. त्या व्यापारात आपली माणसंही आहेत, हे मुलांना सांग.)

या फेब्रुवारीत जवळच्याच एका खाणीचा सांडपाण्याचा बांध फुटला, आम्लाचं पाणी काफुए नदीत गेलं, आणि किटवेचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. निर्यातीच्या आकड्यातून हा खर्च कुणी वजा करत नाही.

तुझी,
ताई

काझुंगुला
सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

झांबेझी ओलांडून बोट्सवानात आले. पूल ९२३ मीटरचा, मे २०२१मध्ये सुरू झालेला, आणि झिम्बाब्वेची हद्द चुकवण्यासाठी मुद्दाम वळवलेला. आधी इथे तराफा होता आणि ट्रकना दिवसचे दिवस रांगेत काढावे लागत. समुद्र नसलेल्या देशाला अशी प्रत्येक रांग महाग पडते. तीच चीज बंदराजवळच्या देशाने पाठवली तर त्याला जास्त पैसे उरतात.

पलीकडे पाय ठेवताच जंतुनाशकात भिजलेल्या गोणपाटावर उभं केलं, पिशवीतल्या चपलाही त्यावर दाबायला लावल्या. गुरांच्या लाळ्या-खुरकुताची ही धास्ती. हिरे सापडण्याआधी हा देश गोमांसाच्या निर्यातीवर जगायचा. युरोपची बाजारपेठ अजून टिकवायची, म्हणून माझ्या चपलांचीही तपासणी! मला हा कडकपणा आवडला.

तुझी,
ताई

गाबोरोने, बोट्सवाना
सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

३० सप्टेंबर १९६६ला हा देश स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर होता, असं सांगतात. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जमीन बामांग्वाटो जमातीची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामांच्या स्वतःच्या जमातीची. तरीही १९६७च्या कायद्याने जमिनीखालचं खनिज कुठल्याही एका जमातीचं न राहता साऱ्या देशाचं झालं. माझ्या मते या देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबरच्या भागीदारीत सरकारचा वाटा आधी १५ टक्के होता, तो १९७५मध्ये ५० झाला. तेजीत सगळं खर्चून न टाकता शिल्लक बाजूला ठेवली. १९९४पासून त्यासाठी पुला फंड आहे. तीसेक वर्षं हा देश जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या देशांत होता. एड्सने माणसं धडाधड मरत होती, तेव्हा २००२मध्ये सरकारी दवाखान्यांतून फुकट औषधं सुरू झाली ती याच पैशाच्या बळावर.

काल हिऱ्यांना पैलू पाडण्याचा एक कारखाना पाहिला. तेल आणि हिऱ्याची भुकटी लावलेली लोखंडी चकती गरगर फिरते, सुरतेत तिला घंटी म्हणतात. एक मुलगी त्यावर हिरा टेकवायची, उचलून भिंगातून बघायची, पुन्हा टेकवायची. देखरेखीला सुरतेचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, हेच काम सुरतेला कितीतरी स्वस्तात होतं. म्हणूनच जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला आपल्याकडे येतात आणि पुढे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारातून विकले जातात. खडा इथला, कारागिरीची मजुरी दुसरीकडे. इथल्या दुकानात गेलं तर फडताळावरचा बहुतेक माल दक्षिण आफ्रिकेतून आलेला.

आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडलेत, आणि ते हिरे करणाऱ्यांत सुरत आघाडीवर आहे. बोट्सवानाच्या निर्यातीचा सुमारे ८० टक्के पैसा हिऱ्यांचा, त्यामुळे २०२४मध्ये अर्थव्यवस्था तीन टक्क्यांच्या आसपास आक्रसली. स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष त्याच वर्षी हरला. गेल्या महिन्यात नवे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांनी सरकारी दवाखान्यांत औषधं नाहीत म्हणून आरोग्य आणीबाणी जाहीर केली. एके काळी फुकट औषधं वाटणारं हे सरकार, दादा! शहाणपणाने वागूनही त्यांचं सगळं एकाच मालाच्या भावाला बांधलेलं राहिलं. शिल्लक होती तोवर दुसरे उद्योग उभे करायला हवे होते. ते पुरेसे झाले नाहीत, आणि तरुणांत बेकारी मोठी आहे. डी बिअर्सशी फेब्रुवारीत नवा करार झालाय, त्यात सरकारी कंपनीला विकायला मिळणारा हिऱ्यांचा वाटा दहा वर्षांत ४० टक्क्यांवर जाईल, आणि करार पुढे वाढवला तर ५० टक्क्यांवर. करार चांगला आहे, पण पडत्या बाजारात हाती आलाय.

तुझ्या वर्गात हे दोन देश शेजारी-शेजारी ठेवून शिकव. झांबियाच्या धड्यात ०.६ टक्क्यांची रॉयल्टी सोडू नकोस, आणि बोट्सवानाच्या धड्यात हिऱ्यांच्या आधी १९६७चा कायदा घे. मुलांनी काय प्रश्न विचारले ते मला लगेच कळव. इथल्या लोकांना विचारून उत्तरं लिहीन.

तुझी,
ताई