रातथारा

अण्णांची गोफण अजून कोठीतल्या खुंटीला आहे. तिचा फास त्यांच्या बोटात अडकायचा, तिथलं सूत काळवंडून गुळगुळीत झालंय. ज्वारी निसवली की मी ती खाली काढतो, फासात बोट घालून बघतो आणि परत टांगतो. ती फिरवायला हात धजत नाही.

मंगळवेढ्याचं आमचं रान काळं, खोल मातीचं. त्यातली मालदांडी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दंवावर पोसते. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती. पेढे मी एकट्यानेच बांधावर नेऊन ठेवले.

कणसात दूध भरलं की भोरड्या पडायच्या. काळं डोकं, गुलाबी अंग, आणि संख्या हजारोंत. अण्णा माळ्यावर उभे राहून हाळी द्यायचे, गोफण सोडायचे. सुपातले दाणे उसळावेत तसा थवा उसळायचा, वळायचा आणि पलीकडच्या वाफ्यात उतरायचा. आमच्या घरी भोरडी म्हणजे दरोडेखोर.

मग वाचनालयातून एक पुस्तक घरी आलं, मारुती चितमपल्लींचं ‘पक्षी जाय दिगंतरा’. अण्णा सातवी शिकलेले. कंदिलाजवळ बसून ते ओळीवर बोट ठेवून वाचायचे आणि मध्येच थांबून आईला सांगायचे. चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले. वनखात्यात त्यांचा उभा जन्म गेला. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट त्यांनी पायाखाली घातलं. रानात राहणाऱ्यांना विचारून, जुने संस्कृत ग्रंथ चाळून त्यांनी पाखरांची नावं गोळा केली, पक्षिकोश केला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, असे शब्द त्यांनी मराठीला दिले. जंगलातलं ज्ञान त्यांनी शेतकऱ्याच्या ओसरीवर आणून ठेवलं. २००६ साली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं आणि ते अध्यक्ष झाले, तेव्हा अण्णा एसटीने गेले, मांडवाच्या मागच्या कडेला उभे राहून भाषण ऐकून आले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “रानाचं बोलत्यात, आणि आपल्याला समजतंय.”

पाखरांच्या पुस्तकांतून अण्णांना एक शब्द सापडला होता, रातथारा. पाखरं रात्री मुक्कामाला उतरतात ती जागा. एका संध्याकाळी ते मला माण नदीकाठच्या बाभळींकडे घेऊन गेले. दिवस बुडत होता. चारी दिशांनी भोरड्या येत होत्या. फांद्या वाकल्या, कलकलाट वाढत गेला आणि एकदम विझला. मध्य आशियातून हिवाळ्यापुरती आलेली ती पाखरं आमच्या काट्यांत निजली. त्यानंतरही अण्णा दिवसभर राखण करायचे, पण ऊन कललं की गोफण खाली ठेवायचे. “घरी निघाल्यात त्या. वाटंत मारू नये.”

त्या बाभळी आता नाहीत. कालव्याचं पाणी आलं, रानं उसाची झाली, बांध सरळ झाले. तोडणाऱ्यांत आम्हीही होतो.

१८ जून २०२५ला सोलापुरात चितमपल्ली गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. बातमी ऐकली आणि हंगाम नसताना मी गोफण खाली काढली. अण्णांना पोचवून आल्यावर जे रडू आलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी आलं.

यंदा हुरड्याला पुतणी आली. ती समुद्रविज्ञान शिकते. आगटीभोवती बसून कणसं चोळता चोळता तिने केल्पची गोष्ट सांगितली. समुद्रातही रान असतं, शंभर फुटांहून उंच. त्याला थंड पाणी लागतं, म्हणून आपल्या कोकणात ते नाही. मानवलं तर दिवसात दीड-दोन फूट वाढतं. मुळं नाहीत; बुडाच्या पंजाने ते खडक धरून उभं राहतं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला २०१४नंतर समुद्र तापला. समुद्री साळींना खाणारे तारामासे रोगाने मेले, साळी माजल्या, आणि थोड्याच वर्षांत तिथलं नव्वद टक्क्यांहून जास्त रान फस्त झालं.

“काका, हे मला लोकांना सांगायचंय,” ती म्हणाली, “पण केल्पला आपल्याकडे शब्दच नाही. परक्या नावाच्या रानासाठी कोण हळहळणार?”

मला चितमपल्ली आठवले. आता कुणाला विचारायचं?

आई इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, “त्या झाडात राहतं कोण गं?”

“मासे, खेकडे. आणि पाणमांजरं असतात, समुद्रातली. निजताना लाटांनी वाहून जाऊ नये म्हणून त्या झाडाच्या पट्ट्या ती अंगाभोवती गुंडाळून घेतात.”

आईचा हात थांबला. “मग रातथाराच की तो त्यांचा.”

पुतणीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. “कुठून आणलास हा, आज्जी?”

आई काडीने निखारे सारखे करत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या आजोबांचा हाय.”