मैदानाच्या काठावर

अमेरिकेत फुटबॉल म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ उभा राहतो, तो तेथे नसतो, हे वाचकांनी प्रथम ध्यानी घ्यावे. आपली मुले पायाने खेळतात त्या खेळास तेथे सॉकर म्हणतात. तेथील फुटबॉलचा चेंडू लांबट, दोहों टोकांस निमुळता व तपकिरी रंगाचा असून तो बहुतांशी हातात धरून धावावयाचा अथवा फेकावयाचा असतो. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी, डोक्यास शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. मैदान शंभर यार्डांचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू आपल्याकडे राहतो, एरवी तो प्रतिपक्षाच्या हाती जातो. माझे ज्ञान एवढेच होते, आणि तेवढे पुरेसे ठरले. कारण त्या दिवशी माझी दृष्टी खेळापेक्षा काठावरच्या माणसांवरच अधिक खिळून राहिली.

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मिनेसोटा राज्यातील कॉलेजव्हिल येथे संत बेनेडिक्टच्या संघाच्या मठात माझा काही दिवस मुक्काम होता. मिनिआपोलिस शहरापासून हे ठिकाण वायव्येस सुमारे ८० मैलांवर आहे. १८५६ साली जर्मन वसाहतकऱ्यांच्या आध्यात्मिक सेवेसाठी या संघाचे संन्यासी मिनेसोटात आले व पुढच्याच वर्षी त्यांनी विद्यादानास आरंभ केला. तेच आजचे सेंट जॉन्स विद्यापीठ. नावाने ते विद्यापीठ असले तरी त्याचा विस्तार लहानच आहे. दीड हजाराच्या आसपास मुलगे तेथे शिकतात. काही मैलांवर सेंट जोसेफ नावाच्या गावी धर्मभगिनींनी स्थापन केलेले सेंट बेनेडिक्ट कॉलेज मुलींसाठी आहे. दोन्ही संस्थांचे वर्ग एकत्र भरतात आणि त्यांच्यामध्ये बस सारखी ये-जा करीत असते.

शनिवारी दुपारी प्रार्थना आटोपून मी बाहेर पडलो. मार्सेल ब्रॉयर या वास्तुशिल्पज्ञाने रचलेले व १९६१ साली पुरे झालेले मठाचे मंदिर मागे होते. त्याच्यापुढे ११२ फूट उंचीचा काँक्रीटचा घंटास्तंभ पंख पसरल्यासारखा उभा आहे. मेपल वृक्षांची पाने तांबडी-केशरी होऊन गळू लागली होती. पायवाटेने चाललेल्या मंडळीच्या अंगावर विद्यापीठाच्या रंगाचे लाल सदरे होते, त्यामुळे झाडे व माणसे एकाच रंगाची दिसत. क्रीडांगण टेकाडांमधल्या नैसर्गिक खोलगटीत असून भोवती पाइन वृक्षांची गर्द राई आहे. १९०८ सालापासून तेथे सामने होत आले आहेत. सुमारे ७,५०० आसनांची तेथे सोय आहे. खेळ सुरू होईपर्यंत त्यांतील बहुतेक भरली, आणि उशिरा आलेले लोक उतारावरच्या गवतात बसले.

अशा लहान कॉलेजांचे सुमारे २४० संघ अमेरिकेत फुटबॉल खेळतात. त्यांच्या वर्गास 'डिव्हिजन थ्री' म्हणजे तिसरी श्रेणी म्हणतात. या श्रेणीत खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती कोणास देता येत नाही. मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडांगणांवर लाखभर लोक जमतात. येथे मात्र बहुतेक ठिकाणी हजार-दोन हजारांवर संख्या जात नाही. मग या रानातल्या मैदानाने प्रेक्षकसंख्येत आपल्या श्रेणीत वर्षानुवर्षे पहिला क्रमांक कसा पटकावला?

विजयांमुळे, असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरे आहे. जॉन गॅग्लियार्डी हे येथे १९५३ साली प्रशिक्षक म्हणून आले आणि २०१२ पर्यंत राहिले. चार राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या कारकिर्दीत मिळाली. ४८९ विजय त्यांच्या नावावर आहेत. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकास लाभलेले नाहीत. परंतु त्यांच्या रीती ऐकून मला विजयांपेक्षा निराळे काही उमगले. सरावात एकमेकांस खाली पाडावयाचे नाही, शिट्टी वाजवावयाची नाही, आपणांस कोणी 'कोच' म्हणावयाचे नाही, नुसते 'जॉन' म्हणावे. आणि संघात यावयास इच्छिणाऱ्या कोणासही नाकारावयाचे नाही, असे त्यांचे नियम होते. परिणामी दीडशेच्या आसपास मुले संघाचा वेष चढवीत आली. दीड हजारांत दीडशे! वसतिगृहाच्या कोणत्याही ओवरीत हाक मारा, संघातला एक तरी मुलगा ओ देईल. वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा, भोजनगृहात ताट घेऊन रांगेत मागे उभा राहणारा मुलगा शनिवारी मैदानात असतो. त्यास पाहावयास मित्र येतात, आईबाप येतात, पूर्वीचे विद्यार्थी आपल्या मुलाबाळांना घेऊन येतात. अनोळखी माणसासाठी कोणी थंडीत तीन तास बसत नाही. ओळखीच्या माणसासाठी बसतो.

माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसले होते. माझा धर्मगुरूचा पोशाख पाहून ते आपण होऊन बोलू लागले. त्यांचा नातू संघात होता. तो कोठे आहे, असे विचारताच त्यांनी काठावर उभ्या असलेल्या लाल रांगेकडे बोट दाखविले. दोन वर्षांत तो एकदाही खऱ्या सामन्यात उतरला नव्हता.

"आज त्यास खेळावयास मिळेल?" मी विचारले.

"बहुधा नाही, फादर."

"मग आपण एवढ्या लांबून येता ते?"

"तो येतो म्हणून मी येतो," ते म्हणाले, आणि पुन्हा मैदानाकडे पाहू लागले.

पुढल्या शनिवारी एका परिचिताबरोबर मी दुसऱ्या एका लहान कॉलेजचा सामना पाहिला. मैदान सुबक होते, हवा उत्तम होती. परंतु विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या भागात पन्नास-साठ मुले असतील नसतील. पलीकडे आईबापांचा घोळका होता. काही मातांनी मुलांचे क्रमांक सदऱ्यांवर छापून घेतले होते. मध्यंतर झाले तेव्हा यजमान संघ बराच मागे पडला होता. विद्यार्थी उठले व फाटकाकडे निघाले. कोणी पोटासाठी काम करावयास जाणारा होता, कोणास घरी जावयाचे होते, कोणास खोलीत बसून दूरदर्शनवर बड्या विद्यापीठाचा सामना पाहावयाचा होता. त्यांतल्या एका मुलास मी थांबवून कारण विचारले. तो सौजन्याने म्हणाला, "फादर, हरणारा सामना पाहून काय करावयाचे? जिंकू लागले की येऊ."

हे उत्तर ऐकून मी गप्प झालो, कारण ते शब्द माझेच होते.

आमच्या सीमाभागातील धर्मग्रामात तरुणांनी एक फुटबॉल संघ काढला आहे. शाळेमागच्या पडीक शेतात दोन दोन बांबू रोवून ते खेळतात. त्यांचा पुढारी वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा मुलगा. गेल्या पावसाळ्यानंतर तो तीनदा माझ्याकडे आला होता. "फादर, रविवारी सामना आहे, याल का?" एकदा मला लग्नाची नोंद करावयाची होती, एकदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा मी हसून म्हणालो होतो, "आधी चषक घेऊन या, मग पाहू." तो चौथ्यांदा आला नाही. रविवारच्या मिस्साला मागल्या बाजूस उभी राहणारी ती मुले त्यानंतर एकेक करून कमी झाली, आणि आजकालच्या तरुणांना देवळाची ओढ नाही, असे मी प्रवचनात बोललोही होतो!

त्या परक्या मैदानाच्या फाटकाशी मी कितीतरी वेळ उभा होतो. संघ हरू लागला म्हणून ती मुले निघून गेली, तसाच मीही आमच्या मुलांकडे पाठ फिरवून राहिलो होतो. फरक एवढाच की ती मुले निदान अर्धा सामना तरी बसली होती.

गर्दीचे आकडे फसवे असतात, हेही तेथेच कळले. २०१७ साली सेंट जॉन्स व त्यांचे जुने प्रतिस्पर्धी सेंट थॉमस यांचा सामना मिनिआपोलिसच्या बेसबॉलच्या मोठ्या मैदानात झाला. त्यास ३७,३५५ लोक आले. तिसऱ्या श्रेणीतला तो विक्रम होय. सेंट जॉन्स हरले. पुढे २०२१ साली सेंट थॉमस पहिल्या श्रेणीत निघून गेले व वर्षानुवर्षांची ती लढत संपली. एवढा मोठा मेळा आला आणि ओसरला. परंतु घोंगडी घेतलेले आजोबा काठावरच्या नातवासाठी येतच होते.

परतल्यावर दुसऱ्या रविवारी दुपारी मी शाळेमागे गेलो. आगाऊ कळविले नव्हते. आमची मुले शेजारच्या गावाकडून तीन गोलांनी हरत होती. बांधावर चार-पाच लहान पोरे व एक म्हातारी, एवढाच प्रेक्षकवर्ग होता. मला पाहून वेल्डिंगवाला मुलगा क्षणभर थबकला व पुन्हा धावू लागला. सामना संपेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो. अखेर तो घाम पुसत जवळ आला आणि ओशाळून म्हणाला, "फादर, आज आम्ही चांगले खेळलो नाही."

"पुढला सामना कधी आहे?" मी विचारले.

त्या आठवड्यात शाळेच्या पडवीतले तीन लांब बाक मी त्या बांधावर नेऊन ठेवविले. पहिल्या रविवारी त्यांवर मी व ती म्हातारी असे दोघेच होतो. आता एक बाक भरतो. उरलेले दोन अद्याप रिकामे आहेत.