दाब, धर, सोड

लखनौमध्ये गोमतीपलीकडे एक वसाहत आहे आणि तिचे नावच 'महानगर' आहे. मराठी वाचकाच्या मनात या शब्दासरशी मुंबईची गर्दी उभी राहील. प्रत्यक्षात ही निशातगंजच्या शेजारची, रुंद रस्त्यांची आणि जुन्या झाडांची वस्ती. गोल मार्केटातून भाजी घेऊन सावकाश परतणारी निवृत्त माणसे हे तिचे सकाळचे दृश्य. अशाच एका घरासमोर एक जुनी टाटामोबाईल पिकअप उभी असते. तिच्या कागदांवर कारखानदाराचे नाव अजून टेल्को असेच आहे; ते नाव 2003 मध्ये बदलून टाटा मोटर्स झाले.

मराठी माणूस लखनौला पूर्वीही आला होता. विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 मध्ये तेथे मॅरिस कॉलेज काढले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तो प्रवाह स्वरलिपीच्या वह्या घेऊन आला होता. टेल्कोचा लखनौचा कारखाना 1992 च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा पिंपरीहून काही कुटुंबे पाने आणि मोजमापाची हत्यारे घेऊन तिकडे गेली. पिकअपचे मालक या दुसऱ्या प्रवाहातले. फोरमन म्हणून आले आणि निवृत्तीनंतर तेथेच राहिले. टाटामोबाईल 1988 साली प्रथम बाजारात आली ती पुण्याच्या कारखान्यातून. त्यामुळे 1998 मध्ये ही गाडी सेकंडहँड घेतली, तेव्हा आपल्या गावचे कोणी भेटल्यासारखे त्यांना वाटले असावे. तसे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

दर दोन वर्षांनी, पावसाळा सरला की, फोरमन गाडीचे गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल बदलतात. निशातगंजचा मेकॅनिक सतरा सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा करतो, फोरमन खंडेनवमीला हत्यारे पूजतात. मधल्या दिवसांत केव्हातरी हे काम उरकले जाते.

गिअरबॉक्सचे काम सोपे, पण त्यातही एक शहाणपण आहे. तेल सोडायचे खालचे बूच उघडण्याआधी तेल भरायचे वरचे बूच उघडून पाहावे. ते गंजून बसलेले असेल आणि खालचे आधीच उघडले असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसण्याची पाळी येते. गाडी थोडी फिरवून आणली की तेल पातळ होते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन बाहेर पडते. गंधकासारखा उग्र वास सुटतो. फोरमन ते तेल दोन बोटांत चोळून उन्हात धरतात. करडी, बारीक भुकटी दिसली तर ती दातांची नेहमीची झीज. पिवळी चमक दिसली तर गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या झिजू लागल्या असे समजायचे. म्हणूनच नवे तेल घेताना ते डब्यावरची अक्षरे चष्मा पुसून वाचतात. जीएल-5 दर्जाचे तेल जीएल-4 पेक्षा वरचे, असे दुकानदार सांगतो. पण त्यातली जादा रसायने अशा पितळी कड्यांना बाधू शकतात. पुस्तिकेत जे सांगितले आहे तेच भरावे. वरचा आकडा म्हणजे वरची प्रत, ही समजूत फक्त तेलाच्या दुकानात आढळते असे नाही.

खरे काम ब्रेकचे. आणि येथे नावच माणसाला फसवते. ज्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात ते तेल नव्हेच. ग्लायकॉल वर्गातले ते एक द्रव रसायन आहे. नावावर विसंबून कोणी त्यात इंजिनाचे तेल ओतले, तर आतली रबरी वॉशरे फुगून सारी यंत्रणाच निकामी होते. शिवाय या द्रवाला हवेतले पाणी ओढून घेण्याची खोड आहे. रबरी नळ्यांच्या भिंतींतून, टाकीच्या झाकणातून ओल थेंबाथेंबाने आत शिरते. डॉट-3 दर्जाचा कोरडा द्रव निदान 205 अंशांपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की हीच मर्यादा 140 अंशांवर येते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाणी उकळून वाफ झाली की पेडल तळाला टेकते आणि गाडी चालतच राहते.

यंदा यावरूनच मेकॅनिकशी वाद झाला. गुडघ्यांमुळे फोरमनना आता गाडीखाली शिरवत नाही, म्हणून त्याला बोलावले होते. त्याने पेडल दाबून पाहिले आणि म्हणाला, "पैडल तो पत्थर जैसा है, बाबूजी. अभी क्यों बदलवा रहे हैं?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. लखनौ सपाट आहे. निशातगंजच्या पुलावर ब्रेक तापून तापणार किती? या शहरात पाणी शिरलेला द्रवही वर्षानुवर्षे आपले पाप झाकून राहू शकतो. परंतु नातवाला नैनीतालला पहिली नोकरी लागली होती. सामान घेऊन तो पिकअपने जाणार आणि गाडी परत आणणार. नैनीताल सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, काठगोदाम साडेपाचशेच्या आसपास. मधला उतार पस्तीसेक किलोमीटरांचा. वळणावळणावर ब्रेक लागणार. फोरमननी हे आकडे मेकॅनिकला सांगितले नाहीत. "लड़का पहाड़ जाएगा," एवढेच म्हणाले. त्यावर तो निमूटपणे पाना घेऊन चाकाशी बसला.

ब्रेकची एअर काढणे हे एकट्याचे काम नव्हे. एकजण पेडलवर आणि एकजण चाकापाशी. दोघांना एकमेकांची तोंडे दिसत नाहीत. काम चालते ते केवळ आवाजावर. पेडल काही वेळा दाबून मग दाबूनच धरायचे. चाकामागचे निपल सैल केले की जुना, काळपट द्रव बुडबुड्यांसह नळीतून बाटलीत उतरतो आणि पेडल पायाखालून खचत जाते. नवखा माणूस येथेच घाबरून पाय उचलतो. निपल उघडे असताना पाय उचलला तर हवा आत ओढली जाते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. आधी निपल आवळायचे, मगच पाय सोडायचा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक प्रथम घ्यायचे. आपल्याकडे ते मागचे डावे.

वीसएक वर्षे पेडलवर फोरमनच्या पत्नी बसत. पदर खोचून त्या गाडीत चढत आणि खालून आवाज येई, "दाब. दाब. धर." वरून उत्तर, "धरलंय." मग काही क्षण शांतता, आणि "सोड." कधी उशीर झाला तर त्या विचारत, "अहो, सोडू का?" पण सांगितल्याशिवाय पाय सोडला असे कधी घडले नाही. त्या गेल्या त्यानंतरच्या खेपेला मेकॅनिकच्या हाताखालच्या पोराला पेडलवर बसवले. सवयीने फोरमन म्हणाले, "धर." पोराने पाय उचलला.

चूक पोराची नव्हती. 'धृ' धातूपासून आलेले हे क्रियापद मराठीत हातात घट्ट ठेवण्याचा अर्थ सांभाळून आहे. हिंदीतही 'धर-पकड'मध्ये तो शिल्लक आहे. पण अवधच्या रोजच्या बोलण्यात कोणी 'धर दो' म्हणाले, तर ते हातातली वस्तू खाली ठेवायला सांगत असते. एकाच शब्दाने एका भाषेत मूठ आवळली जाते, दुसरीत ती उघडते. 'दाब' कळतो, कारण 'दबा' शेजारीच आहे. 'सोड' आणि 'छोड़' तर सख्खे भाऊ. ऐन मोक्याचा शब्द तेवढा उलटला. ती दुपार फुकट गेली आणि द्रवाची एक बाटलीही.

तेव्हापासून पेडलवर नातू बसतो. आजोबांना तो आबा म्हणतो, त्यांचे मराठी त्याला समजते, पण उत्तर देतो हिंदीत. आजीशी मात्र तो मराठी बोलत असे, असे घरचे सांगतात. फोरमनना त्याच्या व्याकरणाची चीड आहे. जेवताना त्याने 'माझा पुस्तक' म्हटले की घास थांबवून ते त्याला 'माझं' म्हणायला लावतात. मुलाचे मराठी कमी होत गेले त्याला ही सुधारणाही थोडी कारणीभूत असावी. दर वेळी अडवले जाणार असेल, तर माणूस तो रस्ताच सोडून देतो.

यंदा चाकाशी मेकॅनिक, गाडीत नातू आणि मध्ये खुर्चीवर फोरमन अशी मांडणी होती. मेकॅनिक मान हलवी, फोरमन मराठीत शब्द देत. मागच्या डाव्या चाकातून निघालेला द्रव कोऱ्या चहासारखा होता. ते पाहून मेकॅनिकने वर पाहिले, पण काही बोलला नाही. टाकीतली पातळी घसरली की नातू उतरून नवा द्रव भरी. एकदा थेंब बॉनेटवर सांडला, तो लगेच पाण्याने धुतला, कारण हा द्रव रंग खातो. शेवटचे चाक आले तेव्हा ऊन कलले होते.

"दाब. दाब. धर."

"धरला, आबा," गाडीतून आवाज आला. पेडल 'ते' आहे; 'धरलं' म्हणायला हवे होते. फोरमनचे ओठ हलले. पण निपल उघडे होते आणि नळीतून नितळ, पिवळसर द्रव बुडबुड्याविना उतरत होता. मेकॅनिकने पाना फिरवून मान हलवीपर्यंत ते गप्प राहिले.

"सोड," ते म्हणाले.