पाच हातांचा बैल

चित्रकार पारखण्याची माझी एक कसोटी आहे. त्याने काढलेला बैल पाहावा. सुंदर स्त्री काय, कोणीही काढतो. निदान दिवाळी अंकांची मुखपृष्ठे पाहून तरी तसेच वाटते. पण बैल काढायला घेतला की हात उघडा पडतो. मानेपासून वशिंडावर चढणारी आणि तिथून पाठीवर उतरणारी ती एक रेघ ज्याला साधली, तो खरा. बाकीचे सगळे शेपटी, घुंगूर, झूल यांत लपतात.

जाणकारांना ही कसोटी गावंढळ वाटेल. त्याला माझा इलाज नाही. मी देवणीचा. गुरांच्या एका जातीला ज्या गावाचे नाव मिळाले आहे, त्या गावच्या माणसाने युरोपातल्या चित्रशाळांची प्रमाणे घेऊन फिरावे, ही अपेक्षाच गैर आहे. आज देवणी लातूर जिल्ह्यात आहे, स्वतःचा तालुका आहे. आमच्या लहानपणी ते उदगीर तालुक्यातले, उस्मानाबाद जिल्ह्याच्या कडेचे गाव होते. देवणी जनावर रुंद, जरासे पुढे आलेल्या कपाळाचे, लोंबत्या कानांचे. सगळा पांढरा तो बालंक्या. अंग पांढरे पण तोंडावर काळा तो वानेरा. आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके शिंपडलेला तो शेवरा. शाळेत बाराखडी येण्याआधी आम्हांला हे तीन शब्द येत.

आता गंमत अशी, की मराठी मासिकांतला बैल कधी देवणी नसे. तो नेहमी खिलार! निमुळते तोंड, मागे झेपावलेली लांब शिंगे, ताठ कान. चित्रकार मुंबई-पुण्याचे, त्यांनी जो बैल पाहिला तो काढला. पण पोळ्याची कविता असो की शेतकऱ्याची गोष्ट, शेजारी परका बैल उभा पाहून आम्ही पोरे खट्टू होत असू. आपण छापण्याजोगे नाही, असे काहीसे मनात येई.

वडील शिक्षक असल्यामुळे घरी 'चांदोबा' येई. त्यात विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत आणि वेताळ काढणारे शंकर हे माझे पहिले चित्रकार. १९५२ पासून ते त्या मासिकाचे झाले. त्यांची जनावरे देवळाच्या भिंतीवरून उतरून आल्यासारखी वाटत. अंगावर दागिना कमी नाही आणि पायांत घाई नाही. पुढे 'इंद्रजाल'मधला मुखवट्याचा वेताळ आला. हे दोन वेताळ एकमेकांचे चुलतभाऊ असावेत, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

माझा स्वतःचा चुलतभाऊ म्हणजे अण्णा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सही अंगठ्याखाली झाकायची आणि चित्र कोणाचे ते ओळखायचे, हा खेळ त्याचा. या खेळात दोन मोठे भिडू होते, दोघेही गोव्याचे. दीनानाथ दलाल १९१६ सालचे, मडगावचे. रघुवीर मुळगावकर १९१८ सालचे, अस्नोड्याचे. दोघांत गोंधळ होणे शक्यच नव्हते. मुळगावकरांच्या चित्रात रेघ शोधून सापडत नसे. रंगाचा फवारा असा हळुवार मारलेला, की देवाच्या गालावर प्रकाश कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते कळू नये. कॅलेंडरातल्या त्यांच्या देवांना आमच्या घरात रोज हळदकुंकू लागे. आणि तोच हात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगवी, हे आईला कधी कळले नाही ते बरेच झाले. दलालांचे उलट. चार रेघा, आणि पाचवी वाचकाने मनात ओढायची.

"दलाल सोडून देतेत," अण्णा म्हणे, "मुळगावकर काईच सोडत न्हाईत."

या एका वाक्यात जेवढी कलासमीक्षा आहे, तेवढी मला पुढे जाड ग्रंथांतही क्वचित सापडली.

मग 'अमर चित्र कथा' आली आणि चित्रे हलू लागली. १९६७ साली सुरू झालेल्या या मालेचे पहिले दहा अंक परदेशी कथांचे. अकरावा 'कृष्ण', आणि तो काढला राम वाईरकरांनी. एकदम गोकुळच! कसोटी लावायला यापेक्षा चांगली जागा कोणती? वाईरकरांच्या गाई मला मनापासून आवडल्या. त्यांना चेहरा आहे. त्या बाळकृष्णाकडे माणसासारख्या पाहतात. पुढे याच हाताने 'टिंकल'मधला सुपंडी काढला, हे कळल्यावर मला नवल वाटले नाही. हसू त्या रेघेत आधीपासूनच होते. पुण्याच्या प्रताप मुळीकांचा हात वेगळा. त्यांच्या आकृतीला वजन आहे. घोडा मातीवर टाप टाकतो तेव्हा माती दबते, योद्ध्याच्या दंडात खरे स्नायू दिसतात. नागराजचे सुरुवातीचे कित्येक अंक त्यांनीच काढले. वाईरकरांचा बैल घरी न्यावासा वाटतो. मुळीकांचा गाडीला जुंपावासा.

माझा भाचा व्यापारी जहाजावर आहे. त्याचे सोबती बरेचसे फिलिपिन्सचे. त्याने एकदा मनिलाहून तिकडच्या चित्रकथांचे जाडजूड पुस्तक आणून दिले. भाषेचे एक अक्षर कळत नव्हते, तरी अण्णा आणि मी दोन दिवस त्यात बुडालो होतो. फ्रान्सिस्को कोचिंग स्वतःच कथा रचत आणि स्वतःच काढत. कुंचला असा, की उभा माणूससुद्धा धावत असल्यासारखा वाटावा. नेस्तोर रेदोंदोंची 'दार्ना' १९५० सालची. नितळ, डौलदार, मुळगावकरांना कोणी रेघ शिकवावी तशी. आणि आल्फ्रेदो आल्काला! १९६३ साली आलेल्या त्यांच्या 'व्होल्टार'ची पाने म्हणजे जणू तांब्याच्या पत्र्यावरचे कोरीवकाम. बोटभर जागा कोरी नाही. अण्णाने चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाला, "ह्याला झोप येत नसंल बघ." १९७० नंतर अमेरिकेतल्या प्रकाशकांनी मनिलाच्या या मंडळींना भराभर कामे दिली. कोचिंगना त्यांच्या देशाने २०१४ साली, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, राष्ट्रीय कलावंत ठरवले. चित्रकथा काढणाऱ्या माणसाला! मी हे अण्णाला सांगितले. तो काही बोलला नाही; पुस्तकाचे पान उलटले.

त्याचे कारण मला ठाऊक आहे. अण्णाला मुंबईला जे. जे. कलाशाळेत जायचे होते. १९७० साल असेल. खर्चाचा हिशेब झाला आणि तो गोठ्याशी येऊन थांबला: जोडी विकावी लागणार होती. वानेऱ्याची ती जोडी, आणि त्यातला सोन्या तर पंचक्रोशीत नावाजलेला. थोरले काका वाईट माणूस नव्हते. पण बैल विकून पोराला चित्रे काढायला पाठवणारा बाप त्या काळी आमच्या भागात जन्मला नव्हता. अण्णा राहिला, सोन्या राहिला. मग १९७२चा दुष्काळ आला. कडबा संपला, विहिरीचा तळ दिसू लागला, आणि तीच जोडी मिळेल त्या किमतीला बाजारात गेली. किंमत एका माणसाच्या मुंबईच्या दोन महिन्यांच्या खर्चाइतकीही नव्हती.

त्या वर्षी अण्णाने एक वही केली. तीत सोन्या पाच वेळा आहे, आठवणीतून काढलेला. एकदा शंकरांच्या हाताने, एकदा मुळगावकरांच्या, एकदा दलालांच्या, मग वाईरकरांच्या आणि मुळीकांच्या. फवाऱ्याचे यंत्र कुठून आणणार? मुळगावकरांसाठी त्याने दातांच्या जुन्या ब्रशने रंग उडवला होता. पाचही पानांवर काळे तोंड, रुंद कपाळ आणि लोंबते कान आहेत. मराठीतल्या पाच मोठ्या हातांनी काढलेला देवणी बैल जगात तेवढाच, असे मी छातीठोकपणे सांगतो.

पुढे अण्णा पाट्या रंगवू लागला. उदगीर रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांची नावे त्याच्या अक्षरांत होती. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत ती सगळी झाकली गेली. त्याबद्दल तो फारसे बोलत नाही. मलाच राग येतो.

यंदा पोळ्याच्या आधी नातू वही मागायला आला. गावच्या पोरांना बैलांच्या मिरवणुकीचे पत्रक छापायचे होते आणि त्यावर सोन्या हवा होता. पाचांतला कोणता, यावर घरात मोठा वाद झाला. मी मुळीकांच्या बाजूचा, सूनबाई मुळगावकरांच्या. अण्णाने वही हातात घेतली, पाने चाळली आणि दलालांचे पान काढून दिले.

"शाई कमी लागती," तो म्हणाला. आणि नातू उंबऱ्यापर्यंत गेल्यावर मागून ओरडला, "छापणाऱ्याला सांग, कान ताठ करू नको म्हणावं!"