स्वतःच्याच रक्ताचे थेंब

डोळ्याचा कॉर्निया म्हणजे सगळ्यात पुढची ती पारदर्शक काच. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि आत रक्तवाहिनी एकही नाही. असती तर आरपार दिसलं असतं का? त्यामुळे ऑक्सिजन हवेतून अश्रूंच्या थरात विरघळून येतो आणि डागडुजीचं सामानही बरंचसं अश्रूंमधूनच. साधा ओरखडा असला तर दोन-तीन दिवसांत भरतोही.

पण काही जखमा हट्टी निघतात. गेल्या वर्षी आमच्या आईला कपाळावर नागीण झाली. कपाळ महिन्याभरात बरं झालं, उजव्या डोळ्यातली जखम मात्र जैसे थे. त्यात तिला मधुमेह. आणि डोळा दुखत नव्हता! "अरे, दुखत नाही म्हणजे बरं होतंय," हे तिचं पालुपद. खरं तर न दुखणं हाच आजार होता. कॉर्नियातल्या नसा नुसती दुखण्याची खबर देत नाहीत, पेशींना जगवणारी द्रव्यंही पुरवतात. नागिणीच्या विषाणूने त्याच मारल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बसलाय, आणि अलार्म वाजवणारा प्रोग्रॅमही बसलाय. अशी जखम खोल गेली तर बुबुळाला भोक पडू शकतं, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या रात्री झोप कुठली!

अँटिबायोटिक झालं, कृत्रिम अश्रू झाले, पट्टीसारखी लेन्स बसवून झाली. मग डॉक्टर म्हणाले, आता यांच्याच रक्ताचे ड्रॉप्स करू.

"रक्त डोळ्यात? मी काय भुताच्या सिनेमात आहे का?" इति मातोश्री.

तर मंडळी, थेंब लाल नसतात. रक्त काढून तासभर-दोन तास गोठू देतात. गोठताना प्लेटलेट्समधून पेशीवाढीची द्रव्यं बाहेर पडतात. मग यंत्रात गरागरा फिरवलं की वर फिकट पिवळं सीरम उरतं. त्यात अ जीवनसत्त्व, फायब्रोनेक्टिन, ईजीएफ, म्हणजे अश्रूंत असतं तसलंच सामान. ते बहुधा सलाइनमध्ये २० टक्क्यांवर आणतात, कारण सीरममधलं टीजीएफ-बीटा अश्रूंपेक्षा सुमारे पाचपट असतं आणि जास्त झालं तर जखम भरायला उलट वेळ लागतो.

कोरड्या डोळ्यांसाठी ही युक्ती १९८४ साली छापून आली. न भरणाऱ्या जखमांवर १९९९ मध्ये जपानच्या त्सुबोता यांच्या गटाने वापरली. आणि ते ईजीएफ? स्टॅनली कोहेन उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते, तर पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले! तिथून ते हाती लागलं. १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मोंतालचिनींबरोबर मिळालं. रीटाबाईंच्या नसा वाढवणाऱ्या प्रथिनाचेही आता ड्रॉप्स आहेत, सेनेगर्मिन. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. किंमत मात्र विचारू नका.

हा रामबाण उपाय नव्हे, हेही सांगायला हवं. मोठ्या, नीट तुलना केलेल्या चाचण्या थोड्याच आहेत. शिवाय प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने बाटलीत जंतू वाढायची भीती. म्हणून आमच्या फ्रीजरमध्ये मटार आणि कुल्फीच्या मधे आईच्या नावाच्या छोट्या छोट्या बाटल्या. एक काढायची, खाली फ्रीजमध्ये ठेवायची, दिवसातून आठ वेळा थेंब, उरलेलं फेकायचं. मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. आईने तो न बघता कुकरच्या शिट्ट्यांवर वेळा बसवल्या.

दर आठवड्याला डॉक्टर डोळ्यात पिवळा रंग घालून निळा प्रकाश टाकायचे. जखम तेवढी हिरवी चमकते. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. दुसऱ्यात कडा जराशी आत सरकली. पाचव्या आठवड्यात हिरवं काही दिसलंच नाही. डॉक्टरांनी दोनदा बघितलं.

डाग राहिलाय. तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी तिला अजून धूसर दिसतात. रात्री पापणी नीट मिटली आहे ना, हे बाबा अजून टॉर्च मारून बघतात आणि त्यावरून रोज बोलणी खातात.